पक्षिपालन प्रश्नोत्तरे : बुरशी लागलेले धान्य आणि कोंबड्यांचे आरोग्य

बुरशी लागलेल्या धान्याविषयी या वेळी इतकी पत्रे आली की संपूर्ण स्तंभ त्याच एका विषयासाठी ठेवावा लागला. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रांतील मजकूर गरजेपुरता संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : भिजलेल्या मक्याच्या काही पोत्यांत हिरवट गोळे झाले होते. गोळे काढून टाकले, उरलेला मका कडक उन्हात वाळवला आणि भरडून अंड्यावरच्या कोंबड्यांना घातला. तो माल संपला, चांगला मका सुरू झाला आणि मग अंडी घटू लागली. अंड्यांचा आकार लहान झाला आहे, तुरे फिके पडले आहेत. मरतूक मात्र नाही. दोष जुन्या मक्याचा असू शकतो का?

उत्तर : असू शकतो, आणि माल आधी संपला व अंडी नंतर घटली या क्रमामुळे तो संशय कमी न होता वाढतो. मक्यावर हिरवट-पिवळट वाढणाऱ्या बुरशींमध्ये अस्परजिलस फ्लेव्हस ही प्रमुख असून ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. या विषाचे बी-१, बी-२, जी-१ आणि जी-२ असे चार मुख्य प्रकार असले, तरी बी-१ हा सर्वांत घातक आहे आणि त्याचा पहिला मारा यकृतावर होतो. अंड्याच्या बलकासाठी लागणारी प्रथिने व स्निग्ध पदार्थ कोंबडीच्या यकृतात तयार होऊन रक्तावाटे अंडाशयाकडे जातात, आणि बलक झपाट्याने भरण्याचा हा टप्पा साधारण सात ते दहा दिवसांचा असतो. त्यामुळे यकृताचे काम मंदावले तरी अगोदर भरत आलेली अंडी काही दिवस नेहमीसारखीच मिळत राहतात, आणि घट जाणवू लागते तोवर दोषी पोती रिकामी झालेली असतात. पक्षिपालक मग चालू खाद्यात खोट शोधत बसतो आणि तपासणीत काही सापडत नाही म्हणून अधिकच गोंधळतो.

तुरे रक्त कमी झाल्याने फिके पडतात. पायांच्या नळ्या आणि कधीकधी बलकही फिका पडतो, कारण मक्यातील पिवळी रंगद्रव्ये शोषून घेण्याची व शरीरात वाहून नेण्याची क्षमता या विषामुळे घटते. मरतूक नाही याचा अर्थ विषाची मात्रा थोडी आणि अनेक दिवस विभागलेली असावी एवढाच घ्यावा. व्यवहारात बहुतेक नुकसान असेच, मेलेला पक्षी न दिसता होते.

आता गोळे काढून टाकण्याविषयी. गोळा म्हणजे बुरशी सर्वांत दाट झालेली जागा. तिच्या आसपासच्या दाण्यांतही बुरशीचे तंतू शिरलेले असतात आणि ते बाहेरून दिसतातच असे नाही. मक्याचा असा एखादा दाणा मधोमध फोडून पाहा. वरून पिवळा दिसणाऱ्या दाण्याच्या टोकाशी, कोंब असतो त्या भागात, करडी किंवा हिरवट भुकटी सापडते. बुरशी तेलकट कोंब आधी खाते, त्यामुळे असा दाणा वजनाला हलका असतो आणि त्यातील उष्मांकही कमी झालेले असतात. उन्हात वाळवल्याने ओलावा जातो व पुढची वाढ थांबते, हा त्याचा खरा उपयोग आहे. तयार झालेल्या विषासाठी तो उपाय म्हणून धरता येत नाही.

तरीही एका पत्रावरून निदान पक्के करणे योग्य नव्हे. प्रकाशाचे तास कमी होणे, खाद्यात कॅल्शियम कमी पडणे, संसर्गजन्य ब्राँकायटिस किंवा अंडी घटण्याचा विषाणुजन्य आजार यांतही अंडी उतरतात. शंका असल्यास एक-दोन अशक्त पक्ष्यांचे शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून करून घ्यावे. अफ्लाटॉक्सिनने बाधित यकृत फुगलेले, पिवळट व ठिसूळ असते. कापताना सुरीच्या पात्याला तेलकट थर लागतो आणि बोटाने दाबल्यास ते सहज फुटते. फक्त एवढे लक्षात ठेवावे की अतिउष्मांकाच्या खाद्याने लठ्ठ झालेल्या कोंबड्यांचे यकृतही असेच चरबीयुक्त दिसते, म्हणून प्रयोगशाळेत ऊतींची तपासणी झाली तर शंका राहत नाही; पित्तनलिकांच्या पेशींची अवाजवी वाढ दिसली की संशय अफ्लाटॉक्सिनकडे झुकतो.

प्रश्न : धान्य उकळून, भाजून किंवा पेलेट (वाफ देऊन, दाबून केलेल्या गोळ्या) करून दिल्यास बुरशीचे विष नष्ट होते का?

उत्तर : बुरशी मरते, विष राहते. विंचू मारला म्हणून चढलेले विष उतरत नाही, तसेच हे आहे. अफ्लाटॉक्सिन बी-१ चे रेणू अडीचशे अंश सेल्सिअसच्या वर जाईपर्यंत फारसे मोडत नाहीत, आणि पेलेटच्या यंत्रातील वाफेचे तापमान साधारण ऐंशी-नव्वद अंश असते. जोरदार भाजण्याने विषाचा काही भाग कमी होतो हे खरे, पण किती कमी झाला हे तपासणीशिवाय कळत नाही आणि तोवर धान्यातील प्रथिनांचीही नासाडी झालेली असते. उकळण्याने तर काहीच साधत नाही. अमोनियाची प्रक्रिया अफ्लाटॉक्सिन खरोखर मोडते. परंतु तिला बंदिस्त यंत्रणा, दाब आणि प्रशिक्षित माणसे लागतात, शेडच्या मागे करून पाहण्याचा तो प्रयोग नव्हे.

प्रक्रिया केलेल्या मालातही हे विष कसे टिकते याचे उदाहरण पक्षिपालनाच्या इतिहासातच आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले काही महिन्यांत मेली. कारण सापडेना म्हणून त्या रोगाला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. शोध घेता घेता धागा खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला आणि त्या पेंडीतूनच अफ्लाटॉक्सिन प्रथम ओळखले गेले. तेल काढण्याच्या सगळ्या प्रक्रियेतून गेलेली ती पेंड होती. त्यामुळे पेंड घेताना ‘यंत्रातून निघालेला माल आहे’ या आश्वासनावर विसंबू नये. माझ्या मते मक्याइतकीच, किंबहुना अधिक, काटेकोर तपासणी पेंडीची व्हावी.

प्रश्न : राणीखेत आणि गंबोरो या विषाणुजन्य रोगांच्या लसी वेळेवर दिल्या, शीतसाखळी सांभाळली, तरीही कळपात राणीखेत आला. पशुवैद्यकांनी खाद्य तपासायला सांगितले. लस आणि खाद्य यांचा काय संबंध? पक्षी पकडताना त्यांच्या मांड्यांवर काळेनिळे डागही पडत आहेत.

उत्तर : आपल्या पशुवैद्यकांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. लस टोचल्याने किंवा पाण्यातून दिल्याने संरक्षण आपोआप मिळत नसते. लसीला प्रतिसाद देऊन प्रतिपिंडे तयार करण्याचे काम पक्ष्याच्या शरीरालाच करावे लागते. कोंबडीत हे काम करणाऱ्या पेशी शेपटीजवळच्या बर्सा या पिशवीत आणि मानेतील थायमस ग्रंथीत घडतात. अफ्लाटॉक्सिनच्या संपर्कात असलेल्या पिल्लांत हे दोन्ही अवयव आक्रसतात, रक्तातील प्रथिने घटतात आणि जंतू गिळणाऱ्या पेशींची ताकदही कमी होते. अशा पक्ष्याला दिलेली उत्तम लससुद्धा अर्धवट काम करते. हे परिणाम वाढ खुंटण्याच्या किंवा खाद्य कमी खाल्ले जाण्याच्या आधीच, कमी मात्रेतही सुरू होऊ शकतात, आणि म्हणूनच ‘पक्षी तर व्यवस्थित खात होते’ हा पुरावा अपुरा ठरतो.

काळेनिळे डाग हा आपल्या पत्रातील सर्वांत बोलका तपशील आहे. रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने यकृतात बनतात. यकृत बिघडले की ती कमी पडतात, शिवाय बारीक रक्तवाहिन्याही नाजूक होतात. पिंजऱ्यात भरताना लागलेला जो धक्का निरोगी पक्ष्याला जाणवतही नाही, त्याने अशा पक्ष्याच्या मांडीत आणि पंखाखाली रक्त साकळते. डाग आणि लसीचे अपयश दोन्ही एकाच वेळी दिसत असतील, तर खाद्यातील विष हे दोन्हींमागचे समान कारण असण्याची शक्यता मी गांभीर्याने घेईन. मात्र गंबोरोचा विषाणू स्वतःच बर्सा खराब करतो आणि त्यातही मांड्यांच्या स्नायूंत रक्तस्राव दिसतो, म्हणून बर्साचे नमुने आणि खाद्याचे नमुने दोन्ही एकाच वेळी पाठवावेत. एकाच कळपात दोन्ही कारणे एकत्र असणेही दुर्मीळ नाही.

प्रतिजैविकांबद्दल आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. बुरशीच्या विषावर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. अशक्त पक्ष्यांत जिवाणूंचा दुय्यम संसर्ग सिद्ध झाला तरच ती द्यावीत, आणि तीही पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर.

प्रश्न : पक्ष्यांच्या चोचीच्या कोपऱ्यात पांढरट-पिवळे खपल्यांसारखे डाग दिसतात. शेजारच्या शेडमध्ये मात्र पक्षी खूप पाणी पितात आणि लिटर (जमिनीवर पसरलेला भुशाचा थर) सतत ओले होते. दोन्ही बुरशीमुळेच असे सांगण्यात आले. एकाच बुरशीची इतकी वेगळी लक्षणे कशी?

उत्तर : बुरशी एक नव्हे, अनेक आहेत, आणि प्रत्येक विषाचा शरीरातील लक्ष्य अवयव वेगळा आहे. चोचीतील व्रण फ्युजॅरियम गटातील बुरशी तयार करते त्या टी-२ विषाकडे निर्देश करतात. हे विष संपर्कात येईल तिथली त्वचा जाळते, त्यामुळे टाळू, जिभेच्या कडा आणि चोचीचे कोपरे सोलवटतात, पक्षी खाद्य नाकारतात, पिसे विरळ व वेडीवाकडी येतात आणि अंड्याचे कवच पातळ होते. अतिशय बारीक दळलेले मॅश (भरडीचे खाद्य) चोचीत चिकटून बसल्यानेही असे व्रण होतात. कोंबड्यांच्या देवी रोगाचा ओला प्रकार आणि जीवनसत्त्व अ ची कमतरता यांतही तोंडात साधारण असेच दिसते.

पाणी जास्त पिणे व ओली विष्ठा ही ऑक्रॅटॉक्सिनची खूण असू शकते. अस्परजिलस आणि पेनिसिलियम गटातील काही बुरशी ते तयार करतात आणि ते मूत्रपिंडांवर घाव घालते. शवविच्छेदनात मूत्रपिंडे फुगलेली व फिकी दिसतात, आणि रोग वाढला असेल तर हृदय व यकृतावर खडूची पूड भुरभुरल्यासारखा युरेटचा (यूरिक आम्लाच्या क्षारांचा) पांढरा थर बसलेला असतो. खाद्यात मीठ जास्त पडले असेल तरीही लिटर ओले होते, म्हणून प्रयोगशाळेला विषाबरोबर मिठाचेही प्रमाण विचारावे. वाढत्या तलंगांना चुकून अंड्यावरच्या कोंबड्यांचे जास्त कॅल्शियमचे खाद्य गेले असेल, तर मूत्रपिंडे त्यानेही बिघडतात.

एकाच पोत्यात दोन-तीन विषे एकत्र असणे नेहमीचे आहे, आणि अफ्लाटॉक्सिन व ऑक्रॅटॉक्सिन एकत्र आल्यास नुकसान दोहोंच्या बेरजेपेक्षा जास्त होते.

प्रश्न : पहिल्या दोन आठवड्यांतली पिल्ले चोच उघडी टाकून धापा टाकतात आणि मरतात. खाद्य चांगले आहे, पण ब्रूडरखालचा (पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखालचा) भुसा कोंदट वासाचा होता. हेही बुरशीचे विषच का?

उत्तर : हा प्रकार वेगळा आहे. येथे विषापेक्षा बुरशीचे जिवंत बीजाणूच रोग करतात. अस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू श्वासावाटे फुप्फुसांत व वायुकोशांत जाऊन तिथेच रुजतात आणि शवविच्छेदनात मोहरीच्या दाण्याएवढ्या पिवळट गाठी दिसतात. याला ब्रूडर न्यूमोनिया म्हणतात. तो एका पिल्लाकडून दुसऱ्याला लागत नाही, पण सगळी एकाच भुशात असल्याने साथ आल्यासारखे वाटते. कळपासाठी व्यवहार्य औषधोपचार नाही. भुसा ताबडतोब, धूळ उडू न देता बदलावा, वायुवीजन वाढवावे आणि काम करणाऱ्याने चांगला मास्क लावावा, कारण हे बीजाणू माणसाच्या फुप्फुसांनाही सोडत नाहीत. उबवणयंत्रातील दूषित अंड्यांमधूनही हा संसर्ग येतो. पिल्ले आल्या आल्याच धापा टाकत असतील, तर उबवणी केंद्राकडे विचारणा करावी.

प्रश्न : खाद्यात टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवणारा पदार्थ) घातला की बुरशीच्या धान्याची काळजी नाही, असे विक्रेते सांगतात. खरे किती?

उत्तर : अर्धे खरे आहे. बेंटोनाइटसारख्या विशिष्ट मातीच्या थरांमध्ये अफ्लाटॉक्सिनचा चपटा रेणू घट्ट अडकतो, आतड्यातून शोषला न जाता विष्ठेवाटे निघून जातो, आणि हे अनेक चाचण्यांत चांगले सिद्ध झालेले आहे. पण त्याच मातीची पकड टी-२, डॉन (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, हेही फ्युजॅरियमचेच विष) किंवा ऑक्रॅटॉक्सिनवर फारच कमी असते. यीस्टच्या पेशीभित्तिकांपासून केलेली काही उत्पादने आणि विषाचा रेणू मोडणारी विकरे त्यासाठी वापरली जातात, परंतु प्रत्येक उत्पादनाचे काम ठरावीक विषांपुरतेच असते. पिशवीवर ‘सर्व विषांवर प्रभावी’ असे छापलेले दिसले तर कोणत्या विषावर, किती मात्रेवर आणि जिवंत पक्ष्यांवर चाचणी झाली आहे का, हे तीन प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावेत. काचेच्या नळीत विष धरून ठेवणे सोपे असते. आतड्याच्या बदलत्या आम्लतेत तसे होईलच याची खात्री नसते.

दुसरे असे की काही बाइंडर खाद्यातील औषधेही धरून ठेवतात, आणि मातीची मात्रा वाढवत नेल्यास खाद्यातील पोषक भाग तेवढा कमी होतो. त्यामुळे पाण्यातून किंवा खाद्यातून औषधोपचार चालू असताना बाइंडरविषयी पशुवैद्यकाला आठवणीने सांगावे. प्रोपिऑनिक आम्ल किंवा त्याचे क्षार असलेली बुरशीरोधके ही आणखी वेगळी वस्तू आहे. ती नवी बुरशी वाढू देत नाहीत, आधीच्या विषाशी त्यांचा काही संबंध नाही. दुकानात या दोन्ही पिशव्या शेजारी ठेवलेल्या असतात आणि घेणाऱ्याची गल्लत होते.

माझे मत विचाराल तर बाइंडर हा थोड्या, टाळता न येणाऱ्या दूषितीकरणासाठीचा विमा आहे. ज्या मालाचा वास नाकाला झोंबतो तो माल खपवण्याचा परवाना म्हणून त्याकडे पाहू नये.

विषबाधा झालेल्या कळपाला सावरताना खाद्य बदलणे हेच मुख्य काम आहे. त्याला जोड म्हणून मेथिओनिन, जीवनसत्त्व ई व सेलेनियम दिल्यास यकृताला विष निकामी करण्यासाठी लागणारी सामग्री मिळते. मूत्रपिंडे बाधित असतील तर मात्र प्रथिने वाढवणे अंगाशी येऊ शकते, म्हणून ‘लिव्हर टॉनिक’ सरसकट सुरू करण्याआधी कोणता अवयव बिघडला आहे ते पाहावे.

प्रश्न : धान्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवाल स्वच्छ आला, पण पक्षी आजारी आहेतच. प्रयोगशाळा चुकली का?

उत्तर : प्रयोगशाळेवर शंका घेण्याआधी नमुना कसा घेतला ते आठवावे. अनेक देशांच्या नियमांत पक्षिखाद्यातील अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या आसपास ठरवलेली आहे, म्हणजे एक टन खाद्यात अवघे २० मिलिग्रॅम. एवढेसे विष संपूर्ण ढिगात सारखे पसरलेले नसते. हजारो दाणे निर्दोष आणि त्यांत एखादाच भयंकर विषारी, असे त्याचे वाटप असू शकते. असा एकच दाणा कित्येक किलो चांगल्या धान्याला मर्यादेबाहेर नेऊ शकतो. वरच्या पोत्यातून ओंजळभर मका काढून पाठवला, तर तो दाणा त्या ओंजळीत येण्याची शक्यता फार थोडी असते.

योग्य पद्धत अशी की पोकळ सळई खुपसून जास्तीत जास्त पोत्यांच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या भागांतून थोडे थोडे धान्य काढावे. भिंतीलगतची व जमिनीवरची पोती वगळू नयेत. हे सारे मिळून कित्येक किलो भरले पाहिजे. सगळे एकत्र भरडून, नीट कालवून, मग त्यातला साधारण एक किलो भाग पाठवावा. भरडण्याआधी भाग पाडल्यास सगळी मेहनत वाया जाते. नमुना ओलसर असेल तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, वाटेतच बुरशी वाढते आणि अहवाल उलट्या दिशेने चुकतो. कागदी पिशवी वापरावी किंवा गोठवून पाठवावा. अतिनील दिव्याखाली मक्याचे दाणे हिरवट-पिवळे चमकतात का हे पाहण्याची पद्धत झटपट चाळणीपुरती ठीक आहे. पण ती चमक बुरशीच्या दुसऱ्याच एका पदार्थामुळे येते, अफ्लाटॉक्सिनची मोजणी त्यातून होत नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे. आपण केवळ अफ्लाटॉक्सिनची चाचणी मागितली असेल आणि दोष टी-२ चा असेल, तर अहवाल खराच स्वच्छ येईल. लक्षणे सांगून चाचण्या मागवाव्यात. येथून पुढे खाद्याच्या प्रत्येक बॅचचा किलोभर नमुना तारीख घालून कोरड्या, थंड जागी ठेवून द्यावा, म्हणजे पक्षी आजारी पडेपर्यंत पुरावाच खाऊन संपला अशी वेळ येणार नाही.

प्रश्न : अशा कळपाची अंडी आणि मांस खावे का? आणि नाकारलेले धान्य बदकांना किंवा गाईला दिले तर चालेल का?

उत्तर : खाद्यातील अफ्लाटॉक्सिनचा फारच थोडा अंश अंड्यात उतरतो, आणि चांगले खाद्य सुरू केल्यावर तोही घटत जातो. मांसापेक्षा यकृतात अवशेष अधिक असतात, म्हणून बाधित कळपातील यकृत खाण्यासाठी वापरू नये. विक्रीचा निर्णय तपासणीनंतर पशुवैद्यकाशी बोलूनच घ्यावा. अफ्लाटॉक्सिन बी-१ हे माणसात यकृताचा कर्करोग घडवणारे द्रव्य आहे, तेव्हा ‘थोडेच तर आहे’ म्हणून ते सोडून देण्यासारखे नाही.

बदकांना तर ते धान्य मुळीच देऊ नये. पाळीव पक्ष्यांत या विषाला सर्वांत लवकर बळी पडतात ती बदकाची पिल्ले. त्यानंतर टर्की, आणि कोंबडी त्या मानाने पुष्कळ सोशिक. दुभत्या गाईला दिल्यास त्याच विषाचा काही भाग एम-१ या रूपात दुधात येतो आणि ते दूध मग लहान मुलांच्या पोटात जाते. डुकरे फ्युजॅरियमच्या विषांना कोंबड्यांपेक्षा कितीतरी हळवी असतात. थोडक्यात सोयीचा कोणताच प्राणी उरत नाही. धान्यावर पाणी शिंपडून धूळ दाबावी, मास्क लावून ते शेडपासून आणि खाद्याच्या कोठारापासून दूर खड्ड्यात टाकावे, आणि भटक्या जनावरांनी ते उकरू नये इतक्या मातीने झाकावे.

प्रश्न : साठवणुकीत नेमके कोणते आकडे सांभाळावेत?

उत्तर : धान्याचा ओलावा १३ टक्क्यांच्या आत आणि कोठारातील हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांखाली. पण हे सरासरीचे आकडे असून बुरशी सरासरीत वाढत नाही, कोपऱ्यात वाढते. दिवसा तापलेल्या पत्र्याखाली रात्री दव सुटते, ते वरच्या थप्पीवर ठिबकते आणि तेवढ्याच दोन पोत्यांत गोळे होतात. सोंडे लागलेल्या धान्यात किडींच्या श्वसनाने ऊब आणि ओलावा दोन्ही वाढतात; हात खुपसल्यावर धान्य कोमट लागले तर त्या पोत्याला वेगळे काढावे. फुटके दाणे आणि भुकटी यांत बुरशी सर्वांत आधी धरते व विषाचा मोठा वाटाही त्यांतच असतो, त्यामुळे भरण्याआधी चाळणी मारणे हा स्वस्तात मिळणारा चांगला उपाय आहे. भरडलेले धान्य अखंड दाण्याइतके टिकत नाही, ते मोजकेच भरडावे. गरम पेलेट थंड होण्याआधी पोत्यात शिवू नयेत. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. आणि नवे खाद्य ओतण्यापूर्वी खाद्यभांड्यांच्या व साठवण टाकीच्या तळाशी चिकटलेली जुनी खपली खरवडून काढावी. पुष्कळदा गोदाम स्वच्छ असते आणि बुरशी तिथेच, पक्ष्याच्या चोचीपासून वीतभर अंतरावर वाढत असते.